पेलाग्राचे कोडे उलगडणारे डॉ. गोल्डबर्गर

औषधांच्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर आज नायसिनामाइड हे नाव हमखास दिसते. सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मुरुमांवरचे जेल अशा कितीतरी बाटल्यांवर ते टक्केवारीच्या आकड्यासह ठळकपणे छापलेले असते. ब-३ जीवनसत्त्वाचे हे एक रूप. चेहऱ्यावरचे काळसर डाग फिके व्हावेत, तेलकटपणा आटोक्यात राहावा, त्वचा कोरडी पडू नये म्हणून ते रोज लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, त्वचेशी असलेले या द्रव्याचे नाते उपासमारीच्या शोधातून उघड झाले. हा शोध ज्यांनी आयुष्य पणाला लावून घेतला, त्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या द्रव्याचे नाव अखेरपर्यंत कळले नाही. त्यांनी सांगितलेले कारण मात्र अचूक होते, आणि ते ऐकून घेण्याची अनेकांची तयारी नव्हती.

१६ जुलै १८७४ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील गिराल्ट या गावी एका ज्यू कुटुंबात गोल्डबर्गर यांचा जन्म झाला. हे गाव आता स्लोवाकियात आहे. सहा भावंडांत ते धाकटे. १८८३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांनी गजबजलेल्या वस्तीत त्यांनी किराण्याचे छोटे दुकान थाटले. गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवण्याचे काम लहानग्या जोसेफकडे असे. पुढे अभियंता होण्याच्या इराद्याने ते सिटी कॉलेजात दाखल झाले; पण वैद्यकावरचे एक व्याख्यान ऐकून त्यांचे मन पालटले आणि त्यांनी बेलव्ह्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८९५ मध्ये ते सन्मानपूर्वक उत्तीर्ण झाले. पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी या लहान शहरात काही काळ त्यांनी दवाखाना चालवला, परंतु त्या संथ व्यवसायात त्यांचा जीव रमेना. १८९९ मध्ये सरकारी सागरी आरोग्यसेवेत त्यांनी नोकरी पत्करली. पुढे हीच सेवा अमेरिकेचे सार्वजनिक आरोग्य खाते झाली.

न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी हे त्यांचे पहिले काम. स्वतः त्याच वाटेने आलेल्या माणसाने ते करावे, हा एक योगच. त्यानंतरची पंधरा वर्षे साथीच्या रोगांमागे धावण्यात गेली. पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस या तिन्ही रोगांचा त्यांनी अभ्यास केला आणि ते तिन्ही रोग त्यांना स्वतःलाही झाले. १९०६ मध्ये त्यांनी मेरी फरार यांच्याशी विवाह केला. मेरी या न्यू ऑर्लिन्सच्या प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यातल्या, यादवी युद्धातील दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या नात्यातल्या. गरीब ज्यू स्थलांतरिताचा मुलगा आणि दक्षिणेच्या खानदानातली मुलगी हा संबंध दोन्ही घरांना रुचला नव्हता. पण तो टिकला, आणि पुढे मेरीबाईंनी पतीच्या कामात दिलेली साथ वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली.

त्वचेच्या विकारांशी गोल्डबर्गर यांचा संबंध पेलाग्राच्याही आधीचा. १९०९ मध्ये फिलाडेल्फिया परिसरात खाज सुटणाऱ्या पुरळाची विचित्र साथ पसरली होती. रुग्ण गवताने भरलेल्या गाद्यांवर झोपत, एवढा धागा हाती लागताच गोल्डबर्गर यांनी आपला उघडा हात तासभर अशा गाद्यांमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी हातावर तेच पुरळ उठले. गवतातला सूक्ष्म कोळीवर्गीय किडा हे साथीचे कारण ठरले. शंका आली की ती प्रथम स्वतःच्या अंगावर पारखून पाहायची, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

१९१४ च्या प्रारंभी आरोग्यसेवेचे प्रमुख रुपर्ट ब्लू यांनी त्यांच्याकडे पेलाग्राची जबाबदारी सोपवली. हा रोग युरोपला जुना होता. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये अस्तुरियासच्या गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. रुग्णाच्या गळ्याभोवती उमटणाऱ्या तांबूस-काळ्या पट्ट्याला आजही डॉक्टर कासालचा हार म्हणतात. पेलाग्रा हे नाव इटलीत पडले. त्याचा अर्थ खरखरीत त्वचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी, जिथे जिथे ऊन लागते तिथे, म्हणजे हातांच्या पाठीवर, मानेवर, चेहऱ्यावर, दोन्ही अंगांना सारखेच चट्टे उठतात. त्वचा भाजल्यासारखी होते, मग काळवंडते, सोलते. पाठोपाठ जिभेची आग, जुलाब, मग उदासी आणि स्मृतिभ्रंश, आणि उपचार न झाल्यास मृत्यू. अमेरिकेत १९०६ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीयांच्या मनोरुग्णालयात ८८ जणांना तो झाला आणि त्यातले ५७ दगावले. त्यानंतर दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात तो वणव्यासारखा पसरला. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि त्यातले एक लाख मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे.

त्या काळी वैद्यकावर जंतुशास्त्राचा अंमल होता. क्षय, पटकी, घटसर्प या साऱ्यांचे जंतू सापडले होते. पेलाग्राचाही सापडेल, अशी बहुतेकांची खात्री होती. एक मत खराब मक्यातल्या विषाला दोष देई, दुसरे चावणाऱ्या माशीला. साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे काम करणाऱ्या थॉम्प्सन-मॅकफॅडन आयोगाने घरोघर फिरून पाहणी केली आणि हा रोग संसर्गजन्य असावा असा निष्कर्ष काढला. रुग्णांना वाळीत टाकले जाऊ लागले.

गोल्डबर्गर यांनी सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला आणि ते दक्षिणेतील मनोरुग्णालये, अनाथाश्रम, तुरुंग हिंडू लागले. काही आठवड्यांतच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मनोरुग्णालयांत रुग्णांना पेलाग्रा होई, पण त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना आणि सेवकांना तो कधीच होत नसे. संसर्गाचा रोग असा हुद्दा पाहून माणूस निवडत नाही. अनाथाश्रमांतले चित्र याहून बोलके होते. सहा वर्षांखालच्या मुलांना पेलाग्रा फारसा नव्हता, बारा वर्षांवरच्यांनाही नव्हता. मधल्या वयाची मुले मात्र त्याने ग्रासलेली. चौकशी करता कळले की, अगदी लहानग्यांना दूध मिळे आणि मोठी मुले कामाला जुंपली जात असल्याने त्यांच्या ताटात थोडे मांस पडे. मधल्यांच्या वाट्याला मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली चरबी. इतरांनीही हीच मुले पाहिली होती. त्यांच्या ताटांकडे बारकाईने पाहण्याचे श्रेय गोल्डबर्गर यांचे.

सरकारी पैशातून मिसिसिपीतील जॅक्सन येथील दोन अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस, वाटाणे, घेवडा असा आहार सुरू करण्यात आला. आश्रमांत दुसरा कोणताही बदल केला नाही. वर्षभर देखरेखीखाली राहिलेल्या १७२ आजारी मुलांपैकी अवघ्या एकाला रोग उलटला. जॉर्जियातील मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयातही असाच अनुभव आला.

आहाराने रोग जातो हे दिसले, पण आहाराने तो येतो का? १९१५ मध्ये मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग-शेतीवर गोल्डबर्गर यांनी ज्या प्रयोगाने याचे उत्तर शोधले, त्याला आजच्या कोणत्याही नीतिसमितीची परवानगी मिळणार नाही. राज्यपाल अर्ल ब्रूअर यांनी प्रयोगात सहभागी होणाऱ्या कैद्यांना शिक्षामाफीचे आश्वासन दिले आणि बारा धडधाकट कैदी पुढे आले. एप्रिलपासून त्यांना मक्याचे पीठ, पांढरा पाव, भात, काकवी, रताळी, कोबी असे पोटभर अन्न मिळू लागले. मांस, दूध, अंडी नाहीत. एकाला मध्येच वगळावे लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस उरलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या त्वचेवर पेलाग्राचे चट्टे उठले होते. कैद्यांना कबूल केल्याप्रमाणे माफी मिळाली. पण टीकाकारांचे समाधान झाले नाही. तो पेलाग्राच नव्हता, असेही म्हटले गेले.

तेव्हा गोल्डबर्गर यांनी संसर्गाचा प्रश्न कायमचा मिटवण्यासाठी स्वतःचेच शरीर वापरले. २६ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी पेलाग्राच्या रुग्णाचे रक्त आपले सहकारी डॉ. जॉर्ज व्हीलर यांना टोचले आणि व्हीलर यांनी त्यांना. रुग्णांच्या नाका-घशातील स्राव त्यांनी आपल्या नाका-घशाला लावून घेतले. चट्ट्यांच्या खपल्या, मूत्र आणि विष्ठा पिठात मिसळून त्यांच्या गोळ्या गिळल्या. पुढच्या काही आठवड्यांत असे सात प्रयोग झाले. एकूण सोळा जण त्यांत सामील झाले, आणि त्यांत मेरीबाईही होत्या. त्यांनी रुग्णाचे रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. वाचतानाही अंगावर काटा यावा असे हे प्रयोग. पण संसर्गाच्या बाजूने बोलणाऱ्या एकाही तज्ज्ञाने आपल्या मताखातर इतके केले नव्हते.

यापुढचा प्रश्न वैद्यकाच्या चौकटीत मावणारा नव्हता. लोक असे का जेवतात? १९१६ पासून गोल्डबर्गर यांनी अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडेनस्ट्रिकर यांच्यासह साउथ कॅरोलायनातील सात गिरणगावांचा अभ्यास केला. (नोबेलविजेत्या कादंबरीकार पर्ल बक या सिडेनस्ट्रिकर यांच्या भगिनी.) प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न, गिरणीच्या दुकानातून घेतलेला माल, दारात गाय आहे की नाही, जवळपास ताजे दूध आणि भाजी विकत मिळते की नाही, हे सारे त्यांनी टिपले. उत्पन्न जसजसे घटे, तसतसा पेलाग्रा वाढे. एकाच घरातही तो सर्वांना सारखा होत नसे. बायका आणि मुले अधिक बळी पडत, कारण मांसाचा तुकडा आधी कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई. ही रीत आपल्याकडच्या वाचकांना परकी वाटू नये.

मुळाशी होता कापूस. दक्षिणेत बटईने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याने उंबरठ्यापर्यंत कापूसच लावावा, असा जमीनमालकाचा आणि सावकाराचा आग्रह असे. भाजीपाल्याला वा गाईच्या चाऱ्याला जमीन उरत नसे. वसंतात उधारी संपत आली की घरात मक्याचे पीठ, काकवी आणि चरबी एवढेच शिल्लक राही, आणि नेमके त्याच सुमारास चट्टे उठू लागत. अर्थशास्त्रज्ञांच्या २०१९ मधील एका अभ्यासातून दिसते की, कपाशीच्या बोंडातला भुंगा ज्या भागांत पोचला तिथे शेतकरी नाइलाजाने खाण्याची पिके घेऊ लागले आणि पेलाग्राचे मृत्यू घटले. (हा भुंगा आपल्याकडच्या बोंडअळीहून वेगळा.)

१९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले तेव्हा गोल्डबर्गर यांनी पेलाग्रा वाढेल असा इशारा दिला. अध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतील उपासमारीविषयी चिंता व्यक्त करताच तिथले लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्रे खवळून उठली. आमच्याकडे दुष्काळ नाही, बाहेरच्यांनी आमची बदनामी करू नये, असा त्यांचा सूर होता. गुंतवणूक आणि स्थलांतरित मजूर दुरावतील ही भीती त्यामागे होती. न्यूयॉर्कहून आलेल्या, जन्माने परदेशी असलेल्या ज्यू डॉक्टरने हे सांगावे, हेही अनेकांना खुपले असणार.

सामाजिक उपाय हातात नाही, तर निदान स्वस्त औषध तरी शोधावे, म्हणून गोल्डबर्गर पुन्हा प्रयोगशाळेत शिरले. कुत्र्यांना काळी जीभ नावाचा एक रोग होतो. तो पेलाग्राचेच प्राण्यातले रूप आहे हे त्यांच्या चमूने दाखवले. कुत्र्यांना पेलाग्रा घडवणारे अन्न द्यायचे आणि मग एकेक पदार्थ देऊन पाहायचा, या पद्धतीतून दारू गाळताना वापरले जाणारे यीस्ट फार गुणकारी ठरले. त्यातल्या अज्ञात द्रव्याला त्यांनी पेलाग्रा-प्रतिबंधक घटक असे नाव दिले. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने एका रुग्णाची त्वचा सुधारल्याचेही त्यांनी त्याआधीच नोंदवले होते. शरीर ट्रिप्टोफॅनपासून हे जीवनसत्त्व बनवू शकते, हे कळायला १९४० चे दशक उजाडावे लागले. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला तेव्हा गोल्डबर्गर आणि सिडेनस्ट्रिकर यांच्या सल्ल्याने रेडक्रॉसने पूरग्रस्तांना यीस्ट वाटले. त्याचा परिणाम झाला.

१७ जानेवारी १९२९ रोजी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गोल्डबर्गर यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले. वय अवघे ५४. त्यांच्या इच्छेनुसार रक्षा पोटोमॅक नदीत विसर्जित करण्यात आली. त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा सुचवले गेले होते. त्याच वर्षी ते पारितोषिक जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी आइकमन आणि हॉपकिन्स यांना देण्यात आले. मेरीबाईंच्या वाट्याला अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेले निवृत्तिवेतन आले.

आठ वर्षांनी, १९३७ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी यकृताच्या अर्कातून ते द्रव्य वेगळे केले. ते होते निकोटिनामाइड, म्हणजेच आजचे नायसिनामाइड. त्याने आणि त्याच्याच जोडीच्या निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांची काळी जीभ बरी झाली. गंमत अशी की, निकोटिनिक आम्ल रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात १८६७ पासून पडून होते. ते औषध आहे हे कोणाला माहीत नव्हते. तंबाखूतल्या निकोटिनशी गोंधळ होऊ नये म्हणून १९४० च्या दशकात नायसिन हे नाव रूढ करण्यात आले. त्याच दशकात अमेरिकेत पिठात हे जीवनसत्त्व मिसळणे सुरू झाले आणि पेलाग्रा तेथून जवळजवळ नाहीसा झाला. मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेल्या स्थितीत, शरीराला न मिळणारे. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या निवळीत भिजवून शिजवत आणि मगच दळत. त्यामुळे ते मोकळे होई. मका जगभर गेला. ही पाककृती मात्र मागेच राहिली.

गोल्डबर्गर यांना सर्वात आधी त्वचाच का दिसली, याचा उलगडाही आता झाला आहे. नायसिनामाइडपासून पेशी एनएडी हे सहविकर बनवतात. ऊर्जानिर्मिती आणि जनुकद्रव्याची डागडुजी त्यावर चालते. उन्हातल्या अतिनील किरणांनी झालेली हानी भरून काढताना त्वचेच्या पेशी ते भराभर खर्च करतात. साठा रिता असेल तर उन्हाचा मार सोसवत नाही.

चेहऱ्यावर लावण्याच्या नायसिनामाइडचे गुण याच रसायनातून आले आहेत. त्वचेच्या बाहेरच्या थरातील सेरामाइड ही स्निग्ध द्रव्ये वाढतात, त्यामुळे ओलावा टिकतो. रंगद्रव्याचे कण रंगपेशींकडून शेजारच्या पेशींकडे जाण्याचे प्रमाण घटते, म्हणून डाग हळूहळू फिके होतात; रंगद्रव्य तयार होणे मात्र त्याने थांबत नाही. मध्यम स्वरूपाच्या मुरुमांवर चार टक्क्यांचे जेल एक टक्का क्लिंडामायसिनच्या तोडीचे असल्याचे १९९५ च्या एका चाचणीत आढळले. बहुतेक विश्वसनीय चाचण्या दोन ते पाच टक्क्यांच्या आहेत. त्यामुळे दहा टक्क्यांच्या बाटलीचा मोह धरण्याचे कारण नाही; अधिक प्रमाणाने नाजूक त्वचेची आग होऊ शकते. धुतलेल्या चेहऱ्यावर पातळ थर, वर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढे पुरते. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. सनस्क्रीन टाळून डागांवर नायसिनामाइड चोळणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. पोटात घेण्याच्या गोळ्यांचा विषय वेगळा. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी त्वचेचा कर्करोग झालेल्या ३८६ जणांपैकी ज्यांनी दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम नायसिनामाइड घेतले, त्यांच्यात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी आढळले. गोळ्या थांबताच फायदाही ओसरला. हे निष्कर्ष गोऱ्या कातडीच्या, उन्हाने पोळलेल्या रुग्णांचे आहेत; सरसकट सर्वांनी गोळ्या घ्याव्यात असे त्यातून निघत नाही.

या कहाणीचा एक धागा दख्खनच्या पठारावरही येतो. मका न खाणाऱ्या, पण ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या हैदराबाद परिसरातील गरिबांत पेलाग्रा आढळत असे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. त्यांच्या मीमांसेवर पुढे बराच वाद झाला. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असतील तर ज्वारीने पेलाग्रा होत नाही, यावर मात्र दुमत नाही. १९९० मध्ये मलावीतील मोझांबिकच्या निर्वासितांना मिळणारे शेंगदाणे बंद पडले, आणि मक्यावर जगणाऱ्या त्या छावण्यांत सुमारे अठरा हजार लोकांना पेलाग्रा झाला.

शहरांतही हा रोग अधूनमधून दिसतो. अन्न सोडून दारूवर राहणारे, क्षयावर आयसोनियाझिड घेणारे कुपोषित रुग्ण, दीर्घकाळ आतड्याच्या विकाराने खंगलेले लोक यांच्या मानेवर आणि हातांच्या पाठीवर तोच कासालचा हार, तेच सारखे चट्टे उमटतात. त्यावर सीरमचा उपयोग नाही; त्वचारोगतज्ज्ञच गाठावा लागतो. निकोटिनिक आम्लाने चेहरा लाल होऊन अंगाची आग होते, म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला बहुधा नायसिनामाइडच्याच गोळ्या देतात आणि जोडीला अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे सुरू करतात. जिभेची आग दोन-तीन दिवसांत थांबते. त्वचा सावरायला काही आठवडे जातात.